परवान्याचे शस्त्र आणि त्यातील फेरफार

एखादी वस्तू विकत घेतली की तिच्यात हवा तसा बदल करण्याचा अधिकार मालकाला आपोआप मिळतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. घर, बैलगाडी किंवा शिवणयंत्र यांच्या बाबतीत ती बहुतांशी खरीही आहे. अग्निशस्त्राच्या बाबतीत मात्र ती लागू पडत नाही. 1878 चा जुना कायदा रद्द करून संसदेने शस्त्र अधिनियम, 1959 संमत केला व तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अंमलात आला. या अधिनियमानुसार परवाना दिला जातो तो एका विशिष्ट शस्त्रासाठी. त्या शस्त्राचे स्वरूप बदलले, तर परवान्याचा आधारच नाहीसा होतो.

या दृष्टीने तीन कलमे विशेष महत्त्वाची आहेत. कलम 5 अन्वये शस्त्रे तयार करणे व विकणे यांप्रमाणेच त्यांचे रूपांतर करणे आणि त्यांची दुरुस्ती करणे यांसाठीही परवाना लागतो. कलम 6 अन्वये, त्यासाठी स्वतंत्र परवाना असल्यावाचून कोणासही अग्निशस्त्राची नळी आखूड करता येत नाही, किंवा नकली अग्निशस्त्राचे खऱ्या अग्निशस्त्रात रूपांतर करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने यात आणखी एक भर पडली. शस्त्र नियम, 2016 मध्ये दिलेल्या एका वर्गातील शस्त्र दुसऱ्या वर्गात जाईल असा बदल करणेही आता निषिद्ध आहे. कलम 8 शस्त्रावरील नाव, क्रमांक व अन्य ओळखचिन्हे यांविषयी आहे. ती पुसणे, काढणे, बदलणे किंवा खोटी उमटविणे हा अपराध होय.

नळीच्या लांबीला कायदा एवढे महत्त्व का देतो, याचे उत्तर त्याच अधिनियमाच्या कलम 13 मध्ये सापडते. संरक्षणासाठी अथवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना देण्याबाबत कायदा उदार आहे. परंतु त्या बंदुकीची नळी 20 इंचांहून कमी लांबीची नसावी, अशी अट आहे. लांब बंदूक खांद्यावर घेऊन चालणारा मनुष्य दुरूनही दिसतो. आखूड केलेली बंदूक घोंगडीखाली किंवा पिशवीत सहज लपते. उघडपणे बाळगण्यासाठी दिलेले शस्त्र छुपे होऊ नये, हा या निर्बंधामागील हेतू आहे.

शस्त्राची शक्ती वाढविणारे बदलही कायद्याने विचारात घेतले आहेत. चाप दाबून धरला असता, तो सोडीपर्यंत किंवा काडतुसे संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील अशी ज्याची रचना आहे, किंवा ज्यात तसा फेरफार केलेला आहे, ते शस्त्र ‘निषिद्ध शस्त्र’ ठरते. बाराचा आवाज अथवा ज्वाला कमी करणारे उपकरण तर व्याख्येनेच अग्निशस्त्रात मोडते. बंदुकीच्या सुट्या भागांनाही हीच व्याख्या लागू आहे.

हे नियम प्रत्यक्षात कसे लागू होतात, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका शेतकऱ्याचे वडील निवर्तले आणि त्यांची दुनळी बंदूक घरातच राहिली. तिच्या नळ्यांची तोंडे चेपलेली होती. मुलाने ती गावच्या लोहाराकडे नेली. लोहाराने चेपलेला चार बोटे भाग कापून टाकला आणि गंज घासताना क्रमांकही झिजवून टाकला. दोघांच्याही मनात काही वाईट नव्हते. तरीही मुलाजवळ स्वतःच्या नावाचा परवाना नव्हता, लोहाराजवळ दुरुस्तीचा नव्हता आणि नळी कापण्याचा तर कोणाजवळच नव्हता. उरलेली नळी 20 इंचांहून लांब आहे, हा बचाव येथे उपयोगी पडत नाही. कारण कलम 6 मध्ये असे कोणतेही माप दिलेले नाही. शिवाय ज्याच्या ताब्यात क्रमांकहीन शस्त्र सापडते, त्यानेच तो क्रमांक नाहीसा केला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्या व्यक्तीवर पडतो.

शिक्षाही किरकोळ नाही. कलम 6 च्या भंगाबद्दल पूर्वी किमान 3 व कमाल 7 वर्षे कारावासाची तरतूद होती. 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 7 वर्षे झाली असून ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते, दंड वेगळा.

कायदेशीर मार्ग मात्र अवघड नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा. परवाना मिळाल्यावर दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. मालकाला स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरी व्यक्ती ते शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकते. कलम 3 मध्ये तशी सवलत आहे. पुसणे, तेल देणे यांसारख्या नित्याच्या निगेने शस्त्राचे स्वरूप बदलत नाही. परंतु कानस किंवा करवत हाती घेण्यापूर्वी परवाना प्राधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करणे, हेच मालकाच्या आणि कारागिराच्या हिताचे आहे.