गोधडीचा नकाशा

सोलापूर हे वस्त्रोद्योगाचे नगर म्हणून ख्यात आहे. येथील पहिली कापडगिरणी १८७७ साली स्थापन झाली. त्या काळच्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. परंतु शहराच्या पूर्व भागात गेल्यास यंत्रमागांचा खडखडाट आजही कानी पडतो. सुप्रसिद्ध सोलापुरी चादर तयार होते ती अशाच मागांवर. तिच्यावरील नक्षीसाठी मागाला छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या जोडण्याची पद्धत आहे. कोणता उभा धागा केव्हा उचलावयाचा, हे त्या छिद्रांवरून ठरते. फ्रान्समधील जाकार नावाच्या कारागिराने १८०४ च्या सुमारास ही युक्ती पूर्णत्वास नेली. चादरीवर मोर उमटतो, त्यापूर्वीच तो पुठ्ठ्यावर ठरलेला असतो.

मुलांनो, याच शहरात घरोघरी आणखी एक पांघरूण तयार होत आले आहे. त्याचा नकाशा मात्र कोठेच काढलेला नसतो. ते पांघरूण म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाच्या लहानशा गोधडीस दुपटे हे नाव आहे.

मी मुख्याध्यापक असताना एका हिवाळ्यात आमच्या शाळेत दुपटी शिवण्याची चार दिवसांची कार्यशाळा भरविली होती. शिकविण्यास जवळच्या वस्तीतील एक आजीबाई आल्या. त्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. पण त्यांच्या हातच्या गोधड्यांवर तीन पिढ्या निजल्या होत्या. मुलांनी घरून धोतराचे तुकडे, सदऱ्यांच्या बाह्या, परकरांचे घेर असे काय काय आणले होते.

आजीबाईंनी प्रथम जुन्या धोतराचे दोन पदर जमिनीवर ताणून अंथरले. त्यांवर चिंध्या मांडावयाच्या, लांब लांब कच्चे टाके घालून त्या जागच्या जागी धरावयाच्या, आणि मग कडेपासून आत चौकोनी फेऱ्या घेत धावदोरा घालावयाचा, अशी त्यांची रीत होती. जुनेच कापड का, असे एका मुलीने विचारले. वारंवार धुतलेले सुती कापड मऊ होते, बाळाच्या अंगास टोचत नाही, हे त्याचे उत्तर. शिवाय पदरांच्या मध्ये हवा कोंडून राहते, आणि कोंडलेली हवा अंगातील ऊब सहसा बाहेर जाऊ देत नाही.

“पण आजी, नक्षी कोणती काढायची?” दुसऱ्या एकाने विचारले.

“पहिला तुकडा ठेव. दुसरा कुठं जायचा, ते त्योच सांगल,” त्या म्हणाल्या.

सातवीतील एक मुलगा मात्र चौकटीच्या कागदावर नकाशा काढूनच आला होता. पाच ओळींत पंचवीस चौकोन, आणि नेमका मधला चौकोन आजीच्या इरकली लुगड्याचा. त्याची आजी त्याच पावसाळ्यात निवर्तली होती, आणि दसऱ्याच्या सुमारास घरात बहीण जन्मली होती. तिच्यासाठी हे दुपटे होते. त्याने पट्टीने मोजून सर्व चौकोन कापले. लुगड्याचा तुकडा सर्वांत शेवटी हाती घेतला. परंतु सुई घालून दोरा ओढताच ते विरलेले कापड टरकन फाटले. असा दुसरा तुकडा घरात उरला नव्हता. मुलगा मान खाली घालून बसला. त्याचे डोळे भरून आले.

आजीबाई त्याच्याजवळ सरकल्या. “लेकरा, फाटलं म्हणून रडतोस व्हय? फाटलं म्हणूनच तर ते गोधडीत आलं!”

त्यांनी मांजरपाटाचा एक धड तुकडा घेतला, त्यावर लुगड्याच्या दोन्ही फाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, आणि बारीक टाक्यांनी त्या बसवून दाखविल्या. कमजोर कापडाखाली भक्कम कापड घालावयाचे, हा या कामातील मोठा नियम होय. आता तो तुकडा चौकोनी राहिला नव्हता. तो लांबट झाला होता. मुलाने कागदाकडे पाहिले, मग कापडाकडे पाहिले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला. एका बाजूस कापड उणे पडले, तेथे त्याने सदऱ्याची पट्टी जोडली; दुसऱ्या बाजूस अधिक झाले, ते कापून न टाकता दुमडले. चौथ्या दिवशी दुपटे पुरे झाले. लुगड्याचा तांबडा काठ मधून किंचित तिरपा गेला होता. पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाई.

अशी कला केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. बंगालमधील कांथा आणि बिहारमधील सुजनी ही गोधडीचीच भावंडे. कर्नाटकातील सिद्दी स्त्रियाही तुकड्यांवर तुकडे जोडून कवंदी शिवतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातील जीज बेंड या खेड्यात गरीब कृष्णवर्णी स्त्रियांनी शेतात घालून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. त्या स्त्रियांपाशीही छापील नमुने नव्हते. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर त्यांची चित्रे आली.

चादरीचा माग ठरविल्याप्रमाणे अचूक चालतो, आणि त्याच्या अचूकपणास आपण मान दिला पाहिजे. पण ठरविलेले बिघडते तेव्हा काय करावयाचे, हे गोधडी शिकविते.

गोधडी जुनी झाली, तरी टाकून देत नाहीत. तिलाच आत घालून वरून दुसरे कापड शिवतात. त्या मुलाचे दुपटेही पुढे विरले, तेव्हा त्याने ते एका मोठ्या गोधडीच्या पोटात घातले. ती शिवताना त्याची बहीण त्याला सुईत दोरा ओवून देत होती.

स्वाध्याय

१. चादरीची नक्षी आणि गोधडीची नक्षी यांत कोणता फरक आहे?
२. “फाटलं म्हणूनच तर ते गोधडीत आलं!” या उद्गाराचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या गोधडीत कोणाकोणाचे कपडे आहेत, हे वडील मंडळींना विचारून दहा ओळी लिहा.