पूर्वसंशोधनाचा आढावा

प्रश्न : वारकरी संप्रदायावरील प्रबंधात पूर्वसंशोधनाचा आढावा कसा लिहावा?

उत्तर : पूर्वसंशोधनाचा आढावा, म्हणजे विषयावरील आधीच्या अभ्यासांची चिकित्सा, हा ग्रंथसारांचा संग्रह नव्हे, त्यात अभ्यासकांची मते परस्परांसमोर ठेवून भेदांची कारणे शोधावी लागतात. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले, तर इरावती कर्वे यांनी वारीत स्वतः चालून दिंड्यांमधील जातिभेद नोंदवला, एकाचा भर दैवताच्या इतिहासावर आणि दुसरीचा सहभागी निरीक्षणावर, म्हणजे समूहात वावरून केलेल्या नोंदींवर असल्याने हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत, आणि नेमके हेच विद्यार्थ्याने दाखवायला हवे. मूळ ग्रंथ न वाचता इतरांच्या तळटीपांवरून हवाला देणे मात्र अक्षम्य होय. विद्यापीठांतील पूर्वीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात पाहावेत.