ताटासमोरचा मोबाईल सोडवण्याची कृती

मोबाईल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत अशी दोन-तीन वर्षांची मुलं आता घरोघरी आहेत. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना 2 ते 5 वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर 1 तास पडदा चालेल असं सांगते. अर्ध्या-अर्ध्या तासाची तीन जेवणं मोबाईलवर झाली, की ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते. त्याहून मोठं नुकसान ताटात होतं. डोळे पडद्याला चिकटले की मूल घास गालात धरून बसतं, चावायचं विसरतं, पोट भरल्याचंही त्याला उमगत नाही.

सुरुवात करण्याआधी मुलाचं वजन डॉक्टरांना दाखवा. वजन कमी असेल, घास वारंवार घशात अडकत असेल, तर आधी त्यांचा सल्ला.

मग घरातल्या सगळ्यांशी बोला. आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, सगळ्यांशी. एकानं जरी हळूच मोबाईल हातात दिला, तरी रडलं की मिळतो हे मूल पक्कं शिकतं.

खरं काम भूक करते. जेवणाआधी दोन-अडीच तास दूध, बिस्कीट, चिवडा काही नको, पाणी चालेल. दुधाच्या बाटलीनं भरलेल्या पोटी कुणीच वरणभात मागत नाही.

ताट वाढण्याआधी टीव्ही बंद, आणि मोठ्यांचेही मोबाईल आवाज बंद करून कपाटात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद होतात. तिथेही मुलांबरोबर मोठ्यांनीही पडदा बाजूला ठेवायचा असतो. बाबा ताटाशेजारी मोबाईल चाळत असतील, तर मुलाला नाही म्हणण्यात काही अर्थ उरत नाही.

सगळ्यांनी एकत्र बसा. मुलाखाली जुनी चादर पसरा आणि त्याचं ताट त्याच्यासमोर ठेवा. वाढताना अगदी थोडं: तूप घालून कालवलेल्या मऊ वरणभाताचे लिंबाएवढे दोन गोळे, पोळीचा चतकोर, उकडलेल्या बटाट्याची एक फोड. हातानं खाऊ द्या. भात कपाळाला लागेल, वरण चादरीवर सांडेल, सांडू द्या. बोटांना लागलेला तो मऊ, कोमट भातच त्याचं लक्ष ताटाकडे ओढतो. अख्खे शेंगदाणे किंवा अख्खी द्राक्षं मात्र देऊ नका, घशात अडकतात.

मूल रडेल, ताट ढकलेल. "जेवताना मोबाईल नाही," एवढंच शांतपणे सांगा आणि आपलं जेवण चालू ठेवा. चिऊ-काऊचा घास चालेल, पण घासागणिक नाच-गाणी नकोत. नाहीतर मोबाईलच्या जागी तुम्ही बसाल. तोंडात घास कोंबू नका. वीस-पंचवीस मिनिटांनी, खाल्लं असो वा नसो, ताट उचला. रागावू नका, बदल्यात बिस्कीटही देऊ नका. पुढचं खाणं ठरल्या वेळी.

पहिले काही दिवस आईचा जीव कासावीस होतो, कारण मूल निम्मंच खातं. अशा वेळी एकेक जेवण न मोजता आठवड्याचा हिशेब पाहावा. मूल खेळतंय, शी-शू नीट होतेय, तर धीर धरा. सलग काही जेवणं काहीच घेतलं नाही, मलूल दिसलं किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टरांकडे.

तापात किंवा प्रवासात सवय पुन्हा डोकं वर काढते. बरं वाटलं, घरी परतलं, की पहिल्याच जेवणापासून मोबाईल पुन्हा कपाटात.