दूरध्वनीची लाइन आणि कार्यालयातील खासगी केंद्र : मधल्या दुव्याची ओळख

रुग्णालय, तहसील कचेरी, साखर कारखाना, महाविद्यालय अशा संस्थांमध्ये बाहेरून येणाऱ्या दूरध्वनी लाइनी थोड्या असतात आणि आतील दूरध्वनी पुष्कळ असतात. चार लाइनींवर चाळीस खोल्यांची गरज भागविण्यासाठी संस्थेत स्वतःचे लहानसे दूरध्वनी केंद्र बसविले जाते. त्यास ईपीएबीएक्स म्हणतात. बोलीभाषेत त्याला नुसते ‘एक्स्चेंज’ असेही म्हटले जाते. खरेदीच्या वेळी किती एक्स्टेंशन मिळतील आणि किंमत काय, याची चौकशी कसोशीने होते. सार्वजनिक लाइन ज्या ठिकाणी या यंत्रात शिरते, तेथील विद्युत मंडलाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः अडीअडचणीच्या प्रसंगी बाहेरून मारलेली हाक आत पोचते की नाही, हे बहुधा या लहानशा मंडलावरच ठरते. म्हणून त्याचे कार्य थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल.

दोन तारांवरील संकेत

तांब्याच्या नेहमीच्या दूरध्वनी लाइनीत दोनच तारा असतात. सार्वजनिक केंद्रात ४८ व्होल्टची बॅटरी असते. तिचे धन टोक जमिनीस जोडलेले असते व ऋण टोक लाइनीकडे जाते. ओलाव्यामुळे तांब्याची होणारी झीज या रचनेत कमी होते. रिसीव्हर जागेवर असताना मंडल उघडे असते व तारांतून एकदिश प्रवाह वाहत नाही. रिसीव्हर उचलताच मंडल पूर्ण होऊन सुमारे २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह म्हणजेच ‘ग्राहकास बोलावयाचे आहे’ ही केंद्रास मिळालेली वर्दी होय. तिला उत्तर म्हणून केंद्र डायल टोन पाठविते.

जुन्या चकतीच्या दूरध्वनीत क्रमांक फिरविणे म्हणजे हाच प्रवाह ठरावीक वेळा तोडणे होते. ५ साठी पाच वेळा आणि ० साठी दहा वेळा तो तुटत असे. बटणांच्या दूरध्वनीत प्रत्येक बटणासाठी दोन वेगवेगळे स्वर एकाच वेळी पाठविले जातात. घंटीसाठी केंद्र सुमारे ७५ व्होल्ट दाबाचा आणि सेकंदास २५ आवर्तनांचा उलटसुलट प्रवाह सोडते. हा प्रवाह कंडेन्सरमधून पार होतो, बॅटरीचा एकदिश प्रवाह पार होत नाही. त्यामुळे रिसीव्हर खाली असतानाही घंटी वाजू शकते. प्रवाह आहे की नाही, त्याची दिशा कोणती आणि त्यावर स्वर कोणता, एवढ्या मोजक्या संकेतांवर या लाइनीचा सर्व व्यवहार चालतो.

एका घरी सून, दुसऱ्या घरी सासू

खासगी केंद्रास दोन परस्परविरुद्ध भूमिका एकाच वेळी वठवाव्या लागतात. सार्वजनिक केंद्रासमोर ते सुनेप्रमाणे वागते, म्हणजे साध्या दूरध्वनीचे सोंग घेते. घंटी आली हे ओळखणे, मंडल पूर्ण करून उत्तर देणे, क्रमांक पाठविणे आणि संभाषण संपताच मंडल तोडणे ही कामे त्याच्याकडे असतात. ही कामे करणाऱ्या मंडलास ट्रंक मंडल म्हणतात. अलीकडील यंत्रांवर त्या खोबणीपाशी ‘एफएक्सओ’ ही अक्षरे असतात.

आतील एक्स्टेंशनसमोर मात्र तेच यंत्र सासू होते. तेथे बॅटरीचा पुरवठा, घंटीचा दाब आणि डायल टोन त्यालाच द्यावे लागतात. या दुसऱ्या मंडलाची खूण ‘एफएक्सएस’ अशी असते. त्याची सात कामे अभियंत्यांनी इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘बोर्श्ट’ या शब्दात गुंफली आहेत. बीटाच्या एका प्रसिद्ध सूपचेही हेच नाव आहे. बॅटरीचा पुरवठा, अतिदाबापासून संरक्षण, घंटी, देखरेख, आवाजाचे अंकांत रूपांतर, जाणाऱ्या व येणाऱ्या आवाजाची विभागणी आणि चाचणी ही ती सात कामे होत.

या दोन खोबणी दिसावयास सारख्याच असल्याने जोडणीत गफलत होण्याचा संभव असतो. सार्वजनिक लाइन चुकून एफएक्सएस खोबणीत बसविल्यास दोन बॅटऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहतात. सासूपुढे सासू उभी ठाकावी, तसा हा प्रकार होतो. लाइन तर चालत नाहीच, शिवाय यंत्रास इजा होण्याचीही भीती असते.

दोन मंडले वेगळी का ठेवावयाची?

ट्रंक मंडलात रोहित्र, रिले किंवा प्रकाशयुग्मक यांच्या साहाय्याने लाइन व यंत्र विजेच्या दृष्टीने अलग ठेवलेले असतात. रोहित्रातून आवाज चुंबकीय क्षेत्राच्या द्वारे पलीकडे जातो. प्रकाशयुग्मकात घंटीची सूचना प्रकाशाच्या रूपाने पोचविली जाते. बातमी पलीकडे जावी, पण वीज जाऊ नये, हे या योजनेचे तत्त्व होय. यंत्रात बिघाड होऊन घरगुती विजेचा दाब लाइनीवर आल्यास खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते. उलटपक्षी वळवाच्या पावसात वीज कडाडली असता लाइनीवरील दाबाची लाट यंत्रात शिरू पाहते. ही लाट जमिनीत उतरविण्यासाठी लाइनीच्या प्रवेशाशी वायुनलिकेचे संरक्षक बसवितात. चांगली अर्थिंग नसेल, तर असे संरक्षक असून नसल्यासारखेच ठरतात.

सार्वजनिक लाइनीस खासगी उपकरण जोडू द्यावे की नाही, यावर अमेरिकेत मोठा वाद झाला होता. टेक्सासमधील टॉमस कार्टर यांनी दूरध्वनी व रेडिओसंच यांची सांगड घालणारे ‘कार्टरफोन’ हे उपकरण तयार केले. दूरध्वनी कंपनीचा त्यास विरोध होता. १९६८ साली तेथील संघीय दूरसंचार आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर कंपनीने खासगी उपकरणांना मुभा दिली, परंतु मध्ये कंपनीचेच संरक्षक मंडल भाड्याने घेण्याची अट घातली. पुढे १९७५ साली आयोगाने उपकरणांच्या नोंदणीचे नियम केले. लाइनीस अपाय न करण्याची जबाबदारी उपकरणाच्या रचनेत अंतर्भूत असावी आणि ती चाचणीने सिद्ध व्हावी, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. भारतातही दूरसंचार उपकरणांच्या सक्तीच्या चाचणीचा पहिला टप्पा १ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आला. त्यात खासगी केंद्रांचा समावेश होता.

किट्टूरचे उदाहरण

खासगी केंद्र व सार्वजनिक केंद्र यांचे नाते किती जवळचे आहे, हे बेळगाव जिल्ह्यातील किट्टूरच्या उदाहरणावरून दिसते. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. तिने १२८ जोडण्यांचा एक संच तयार केला. त्याचे एक रूप कार्यालयांसाठी खासगी केंद्राचे होते व दुसरे खेड्यांसाठी ग्रामीण स्वयंचलित केंद्राचे. या ग्रामीण केंद्रांपैकी पहिले १९८६ साली किट्टूर येथे कार्यान्वित झाले. वातानुकूलित खोलीवाचून धूळ व उष्णता सहन करीत ते चालावे, अशी त्याची रचना होती. कार्यालयाच्या गरजेतून आकारास आलेल्या मंडलांनी अशा प्रकारे गावाचीही सेवा केली.

संभाषण संपले, हे कोणी सांगावे?

ट्रंक मंडलाची खरी कसोटी संभाषण सुरू होताना लागत नाही. ती संभाषण संपताना लागते. बाहेरील व्यक्तीने रिसीव्हर ठेवला, तरी साध्या लाइनीवर त्याची स्पष्ट सूचना खासगी केंद्रास मिळेलच असे नाही. आत माणूस असल्यास तो दोनदा ‘हॅलो’ म्हणून रिसीव्हर खाली ठेवतो. परंतु उत्तर देणारे स्वयंचलित ध्वनिमुद्रण असेल, किंवा एका बाहेरील लाइनीवरचे बोलणे दुसऱ्या बाहेरील लाइनीस जोडून दिले असेल, तर दोन्ही बाजू एकमेकींची वाट पाहत राहतात. बोलणारे केव्हाच निघून गेलेले असतात आणि लाइन मात्र अडकून पडते. अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी रुग्णालयात दूरध्वनी करणाऱ्या खेड्यातील माणसास ‘एंगेज’चाच सूर ऐकू येतो. वास्तविक त्या लाइनीवर कोणीही बोलत नसते.

यावर तीन उपाय आहेत. पहिल्यात सार्वजनिक केंद्र संभाषण संपताच प्रवाह क्षणभर तोडते. दुसऱ्यात लाइनीवरील धन-ऋण दिशा उलटविली जाते. पूर्वीच्या एसटीडी बूथमध्ये पलीकडून उत्तर मिळताच मीटर सुरू करण्यासाठी हाच संकेत वापरीत असत. तिसऱ्या उपायात ट्रंक मंडल ‘एंगेज’चा सूर स्वतः ओळखून लाइन सोडते. भारतात हा सूर ४०० आवर्तनांचा असून तो पाऊण सेकंद वाजतो व पाऊण सेकंद थांबतो. यंत्र परदेशी मापांवर लावून ठेवले असेल, तर त्यास हा सूर ओळखता येत नाही. लाइन वारंवार अडकत असल्यास यंत्र बदलण्याआधी हे माप तपासून घेणे इष्ट होय.

आणखी एक अडचण टक्करीची आहे. बाहेरून हाक येत असतानाच, पहिली घंटी ओळखली जाण्यापूर्वी, आतून कोणीतरी ० दाबून तीच लाइन घेतो. मग दोन अनोळखी माणसे एकमेकांसमोर येतात. यावर साधा तोडगा असा की, येणाऱ्या हाका पहिल्या लाइनीपासून पुढे याव्यात व जाणाऱ्या हाकांनी शेवटच्या लाइनीपासून मागे यावे.

वीज गेल्यानंतर

तांब्याच्या लाइनीस सार्वजनिक केंद्राची बॅटरी शक्ती पुरविते. म्हणून गावात अंधार असतानाही साधा दूरध्वनी चालू राहतो. खासगी केंद्र मात्र कार्यालयाच्या विजेवर अवलंबून असते. यासाठी चांगल्या यंत्रांत एक विशेष रिले असतो. वीज आहे तोपर्यंत तो लाइनीस यंत्राशी जोडून ठेवतो. वीज जाताच तो आपोआप सुटतो आणि एक लाइन थेट एका ठरलेल्या साध्या दूरध्वनीस जोडली जाते. हा दूरध्वनी कुलूपबंद खोलीत न ठेवता पहारेकरी किंवा रात्रपाळीची परिचारिका यांच्या हाताशी असावा.

फायबरच्या लाइनीत ही सोय आपोआप मिळत नाही. काचतंतूतून प्रकाश येतो, दूरध्वनी चालविणारी वीज येत नाही. तेथे भिंतीवरील पेटीच सार्वजनिक केंद्राची भूमिका घेऊन बॅटरीचा व घंटीचा दाब पुरविते. त्या पेटीची वीज गेली की दूरध्वनीही मुका होतो. म्हणून पेटी व खासगी केंद्र या दोहोंनाही बॅटरीचा आधार असणे अगत्याचे आहे.

वर्गात दाखविण्याजोगा प्रयोग

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना हे तत्त्व अल्प साहित्यात दाखविता येईल. दीड व्होल्टचे चार सेल, एक स्विच व ६ व्होल्टच्या रिलेची गुंडाळी यांचे पहिले मंडल करावे. वेगळे सेल व लहान दिवा यांचे दुसरे मंडल रिलेच्या उघड्या संपर्कांतून पूर्ण होईल असे जोडावे. स्विच दाबताच दिवा लागतो, परंतु दोन्ही मंडलांना जोडणारी एकही तार नसते. नंतर दिवा रिलेच्या मिटलेल्या संपर्कावर घ्यावा. आता पहिल्या मंडलाचा प्रवाह बंद केला की दिवा लागतो. वीज गेल्यावर साधा दूरध्वनी कसा जोडला जातो, हे विद्यार्थ्यांच्या यावरून ध्यानात येईल. हा प्रयोग फक्त सेलवर करावा. चालू दूरध्वनी लाइन किंवा घरगुती वीज त्यासाठी कदापि वापरू नये.

कार्यालयांनी घ्यावयाची दक्षता

प्रत्येक संस्थेने महिन्यातून एकदा पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. बाहेरून प्रत्येक लाइनीवर हाक करून ती आत पोचते आणि संपताच लाइन मोकळी होते, याची खात्री करावी.

२. खासगी केंद्राची वीज काही मिनिटे बंद करून ठरलेला साधा दूरध्वनी चालतो का, ते पाहावे.

३. १०८ व ११२ हे क्रमांक कोणत्याही एक्स्टेंशनवरून, आधी ० न दाबताही लागतील अशी व्यवस्था करून घ्यावी.

४. पावसाळ्यापूर्वी अर्थिंग व संरक्षक यांची तपासणी जाणकाराकडून करवून घ्यावी.

५. कोणती लाइन कोणत्या खोबणीत आहे, याचा तक्ता यंत्राजवळ लावावा.

या तपासणीस फारसा खर्च येत नाही. संस्थेतील माणसांना आतल्या आत बोलता येते, म्हणून दूरध्वनी व्यवस्था ठीक आहे असे समजणे योग्य नव्हे. खासगी केंद्र संस्थेच्या मालकीचे असले, तरी त्याचा दरवाजा लोकांसाठी असतो. तो बाहेरून उघडतो की नाही, हे मधूनमधून बाहेर उभे राहूनच पाहिले पाहिजे.