अंथरुणांतील धूळ व दमा

पावसाळा उतरणीस लागला म्हणजे मुळशी तालुक्यांतील माले व आसपासच्या वाड्यांत शिंका, खोकला व दमा ह्यांच्या तक्रारी आमच्या कानीं येतात. पुष्कळदा त्याचें खापर कोणाच्या तरी दृष्टीवर फुटतें. प्रिय वाचकहो, दृष्ट काढण्यापूर्वी आपली गोधडी पाहावी, अशी आमची विनंती आहे.

1964 सालच्या सुमारास नेदरलंड्स देशांतील लायडन येथें फोरहोर्स्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं दाखवून दिलें कीं, घरच्या धुळीनें होणाऱ्या त्रासाचें मोठें कारण तींत राहणारे अतिसूक्ष्म किडे होत. हे कोळ्यांच्या वर्गांतील असून नुसत्या डोळ्यांस दिसत नाहींत. आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात व हवेंतील ओल शोषून तहान भागवितात; म्हणून आमचा मावळ त्यांस फार मानवतो. ते चावत नाहींत. त्यांच्या विष्ठेचे कण श्वासाबरोबर आंत जातात व कित्येकांच्या प्रकृतीस ते सोसत नाहींत.

प्रयोगशाळेंत अंथरुणांतील धूळ यंत्रानें ओढून तींतील हें द्रव्य मोजतात. एक ग्रॅम धुळींत तें दोन मायक्रोग्रॅमहून अधिक भरल्यास धोका मानावा, असें पुष्कळ तज्ज्ञांनीं धरिलें आहे. खेड्यांत हें साधन कोठून येणार? परंतु लेवीयाच्या 14 व्या अध्यायांतील याजक भिंतीवर चट्टा दिसतांच घर सात दिवस बंद ठेवी आणि तो पसरला कीं काय, हें पुन्हां येऊन पाही. तसेंच आपणही करावें. रोगी कोठें निजला, रात्रीं किती वेळां खोकत उठला, हें वहींत टिपावें. अंथरूण धुतल्यावर पंधरा दिवस पुन्हां टिपावें.

कडक उन्हानें किडे मरतात, पण विष्ठा मागें राहते. म्हणून उन्हाबरोबर धुणेंही हवें. गोधड्या, चादरी 60 अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाहीं इतक्या कढत पाण्यांत भिजवाव्या. घोंगडी मात्र अशा पाण्यांत आटते. ती उन्हांत टाकून झटकावी, आणि झटकतांना रोग्यास दूर ठेवावें. हें काम बहुधा घरच्या बायांच्याच वांट्यास येतें. त्यांनीं नाकातोंडास पदर बांधावा. ओल्या, बुरसटलेल्या भिंतीस लागून कोणीं निजूं नये. चुलीचा धूर निराळा, पण तोही त्याच छातीस जाचतो.

एवढ्यानें दमा जाईलच, असें आम्ही म्हणत नाहीं. एखाद्याच उपायानें फारसा गुण येत नाहीं, असें कित्येक परीक्षांत दिसून आलें आहे. म्हणून डाक्तरांनीं दिलेलें ओढावयाचें औषध बंद करूं नये. मुलास धापेमुळें एक वाक्यही पुरें बोलवेना किंवा त्याचे ओठ निळे पडले, तर तत्काळ दवाखान्यांत न्यावें, सकाळच्या एस.टी.ची वाट पाहूं नये.