क्षेत्रमापनातील पाया आणि उंची

शेतजमीन ही बहुतांश शेतकरी कुटुंबांची सर्वात मोठी मालमत्ता होय. विक्री, वाटणी, तारण, भूसंपादन या साऱ्या व्यवहारांत क्षेत्रफळ विचारले जाते, आणि क्षेत्रफळाची मोजणी पाया व उंची यांवर आधारलेली असते. शालेय भूमितीतील या दोन संज्ञांना त्यामुळे आर्थिक महत्त्वही आहे.

पाया म्हणजे मोजणीसाठी निवडलेली बाजू. समोरच्या शिरोबिंदूपासून अथवा समांतर बाजूपासून पायावर टाकलेल्या लंबाची लांबी म्हणजे उंची. तिरपी बाजू ही उंची नव्हे. व्यवहारात गफलत होते ती नेमकी येथेच.

समजा, एका चौकोनी शेताचे समोरासमोरील दोन बांध प्रत्येकी १०० मीटर व उरलेले दोन प्रत्येकी ६० मीटर आहेत. कोपरे काटकोनात असल्यास क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर होईल. परंतु शेत तिरपे असून १०० मीटरच्या बांधांमधील लंबांतर ४८ मीटर असल्यास ते ४,८०० चौरस मीटरच भरेल. बांधांची लांबी तीच. फरक मात्र १,२०० चौरस मीटरांचा, म्हणजे सुमारे १२ गुंठ्यांचा. केवळ बांध मोजून गुणाकार करणारा खरेदीदार अस्तित्वात नसलेल्या जमिनीचे पैसे देतो. भावाभावांच्या वाटणीत तिरपा तुकडा घेणाऱ्याचे तेवढेच नुकसान होते.

हा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. त्रिकोणाचे क्षेत्रफळ लंब व अर्धा पाया यांच्या गुणाकाराइतके असते, हा नियम आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास दिला. लंब किंवा कर्ण न सांगता केवळ चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) कठोर टीका केली आहे.

त्रिकोणाची कोणतीही बाजू पाया मानता येते, मात्र उंची त्याच बाजूवरील हवी. १३०, १४० व १५० मीटर बाजूंच्या त्रिकोणात १४० मीटरच्या पायावर उंची १२० मीटर, तर १५० मीटरच्या पायावर ११२ मीटर येते. दोन्ही रीतींनी क्षेत्रफळ ८,४०० चौरस मीटरच मिळते. त्रिकोण विशालकोनी असल्यास लंब पाया वाढवून आकृतीबाहेरही पडू शकतो.

वेड्यावाकड्या चौकोनी शेतासाठी कर्ण हाच पाया धरावा आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्यावर लंब टाकावेत. कर्ण १२० मीटर व लंब ४० आणि ३५ मीटर असल्यास क्षेत्रफळ ६० गुणिले ७५, म्हणजे ४,५०० चौरस मीटर होते.

२०२० मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामित्व’ योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनद्वारे होऊ लागली. साधने बदलली, तरी क्षेत्रफळामागील भूमिती तीच आहे. ती समजणारा नागरिकच आपला नकाशा वाचू शकतो, शंका विचारू शकतो. म्हणून हा पाठ फळ्याबरोबरच गावातील एखाद्या शेतातही शिकविला जावा.