शुक्ल-कृष्ण संधी आणि पारपटलाच्या मूलपेशी

सुश्रुताचार्यांनी नेत्राचे सहा संधी वर्णिले आहेत. त्यांपैकी शुक्ल व कृष्ण मंडलांच्या सीमेवरील संधीकडे आधुनिक नेत्रविज्ञानाने नव्याने लक्ष वेधले आहे. पारपटलाचे म्हणजे कॉर्नियाचे बाह्य आवरण सतत झिजते व नवे होते. ते नवे करणाऱ्या मूलपेशी, अर्थात स्टेम सेल्स, याच वर्तुळाकार सीमेवर असतात. प्राचीनांना या पेशी ज्ञात होत्या असा आमचा दावा नाही. स्थान मात्र तेच आहे.

विकृती : चुना किंवा तीव्र रसायन डोळ्यात गेल्यास या पेशी नष्ट होऊ शकतात. मग शुक्लभागाचे आवरण रक्तवाहिन्यांसह पारपटलावर पसरते व दृष्टी झाकोळते. अशा नेत्रात केवळ नेत्रदानातील पारपटल बसविल्यास ते सहसा टिकत नाही. आवरणाचा उगमच आटलेला असतो.

चिकित्सा : रुग्णाच्या निरोगी नेत्रातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या पटलाचे रोपण केल्याचा वृत्तांत इटलीतील ग्राझिएला पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत २००१ पासून असे रोपण होऊ लागले. तेथील डॉ. वीरेंदर सांगवान व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सुलभ पद्धती मांडली. निरोगी नेत्राच्या संधिभागातील सुमारे २ मि.मी. ऊतीचे आठ-दहा सूक्ष्म तुकडे करून ते गर्भवेष्टनाच्या पटलावर, थेट बाधित नेत्रातच चिकटवितात. प्रयोगशाळेचा खर्च वाचतो. परंतु एक डोळा निरोगी हवा. दोन्ही नेत्र बाधित असलेल्यांसाठी जपानमधील ओसाका विद्यापीठात प्रेरित मूलपेशींपासून घडविलेल्या पटलाचे पहिले रोपण २०१९ मध्ये झाले. चार रुग्णांचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपले कर्तव्य : मावळात तंबाखूच्या चुन्याची डबी अनेक घरांत असते, तळेगाव परिसरात कारखाने आहेत, असा रुग्ण प्रथम आपल्याच दारी येऊ शकतो. तत्काळ वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान अर्धा तास नेत्र धुवावा. पापणी उलटून चुन्याचे कण ओल्या कापसाने काढावेत. लिंबू, दूध, मध, घृत, अंजन काहीही घालू नये. औषधालयचालकांनीही स्वतःहून थेंब देऊ नयेत. त्याच दिवशी रुग्णास नेत्रशल्यतज्ज्ञांकडे पाठवावे. तर्पणादी उपक्रमांचा विचार त्यांच्या संमतीनंतरच करावा. पहिल्या काही मिनिटांत संधिभाग वाचला, तर पुढील रोपणाची गरज टळू शकते.